न खेळलेल्या सामन्याचे दहा गोल
इंदूरमधल्या एका पुरुष हँडबॉल स्पर्धेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात इंदूरमधल्या एका जुन्या मराठी क्रीडा मंडळाने पुरुषांची निमंत्रित हँडबॉल स्पर्धा भरवली. आठ संघ, दोन गट, शुक्रवार ते रविवार असा कार्यक्रम. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत जाणार. मी तिथे पंच होतो, त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. बाकीचं मंडळाच्या कार्यवाहांनी आणि संघांच्या व्यवस्थापकांनी नंतर सांगितलं. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या गटात हे घडलं त्यातल्या चार संघांना यजमान, निमाड, खानदेश आणि विदर्भ म्हणू.

अधिक श्रावण चालू होता, लग्नाचे मुहूर्त नव्हते, म्हणून रामबागेतलं एक मंगल कार्यालय राहण्यासाठी अगदी कमी भाड्यात मिळालं. सामन्यांसाठी एका शाळेने आपलं बंदिस्त सभागृह दिलं. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद असं पूर्ण मैदान मावेल अशी लाकडी जमीन आपल्या भागातल्या पोरांना क्वचित मिळते. बहुतेकजण सिमेंटवर नाहीतर मुरमावर खेळून तयार होतात, गोलरेषेवर झेप घेतली की कोपर सोलवटून निघतं. त्यामुळे पोरं या स्पर्धेची वाट बघत होती. कोणी कामावरून रजा काढून आला होता, कोणी रात्रपाळी बदलून.

परिपत्रक दोन पानी होतं. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. गुण समान झाले तर गटातल्या सर्व सामन्यांचा एकूण गोलफरक बघायचा. संघ गैरहजर राहिला तर प्रतिस्पर्ध्याला १०-० असा वॉकओव्हर. वेळापत्रक जमावं म्हणून अर्धी तीस ऐवजी पंचवीस मिनिटांची. यापलीकडे जेवणाच्या वेळा आणि प्रवेश फी. स्पर्धा सुरू झाल्यावर मध्येच एखादा संघ गळाला तर काय, याबद्दल अक्षरही नव्हतं. आपल्याकडच्या स्पर्धांची परिपत्रकं साधारण अशीच असतात. मागच्या वर्षीचं काढायचं, तारखा बदलायच्या आणि व्हॉट्सअॅपवर टाकायचं.

त्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ होती. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, सगळीकडे डोळे आलेली माणसं दिसत होती. काळ्या चष्म्यातली पोरं शाळेतून परत पाठवली जात होती. स्पर्धा ठरली तेव्हा साथ नव्हती, भरली तेव्हा ऐन भरात होती.

अडचण

खानदेशचा संघ गुरुवारी रात्री धुळे-सेंधवा मार्गे बसने आला. बारा खेळाडू, एक व्यवस्थापक. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत बारा गाद्या ओळीने अंथरलेल्या, बाहेर एकच वॉशबेसिन, त्यावर एकच आरसा आणि खिळ्याला अडकवलेले दोन-तीन पंचे. ते कोणाचे हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

शुक्रवारी सकाळी खानदेश विरुद्ध विदर्भ सामना झाला. विदर्भाने तो २७-२४ असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात यजमानांनी निमाडला २६-२२ असं हरवलं. खानदेशच्या सामन्यात मी शिट्टी वाजवत होतो. दुसऱ्या अर्धात त्यांचा पहिला गोलकीपर सारखा मनगटावरच्या पट्टीने डोळा पुसत होता. घाम असेल असं वाटलं. सामना संपला तेव्हा त्याचा उजवा डोळा लाल होता. संध्याकाळपर्यंत आणखी एकाचा झाला.

शनिवारी पहाटे पाच जण लाल डोळ्यांनी उठले. दोघांच्या पापण्या चिकटल्या होत्या, कोमट पाण्याने धुवून उघडाव्या लागल्या. व्यवस्थापकांनी ते लपवलं नाही. साडेसातला ते स्वतः कार्यवाहांकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, पाच पोरं बसवतो. सात धड आहेत. नियमात सुरुवातीला पाच असले तरी चालतं. सातांत खेळतो."

नियमाचं त्यांचं बोलणं बरोबर होतं. हँडबॉलमध्ये एका संघाचे गोलकीपर धरून सात जण मैदानात असतात, पण सामना सुरू होताना संघाचे किमान पाच खेळाडू हजर असले तरी पुरतात, आणि पुढे संख्या त्याखाली गेली तरी सामना चालू ठेवता येतो. कागदावर खानदेश खेळू शकत होता. त्यांचा दुसरा सामना साडेअकराला यजमानांशी, तिसरा दुपारी चारला निमाडशी होता.

मंडळाच्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरताई आठ वाजता आल्या. पाचांना बघून त्यांनी तिथल्या तिथे खेळ बंद सांगितला. मग उरलेल्या सातांकडे वळल्या. कोण कुठे झोपलं, कोणी कुणाचा टॉवेल वापरला, हे एकेकाला विचारलं. त्यांचं म्हणणं असं की लागण झाल्यावर डोळा लगेच लाल होत नाही, मधे काही दिवसही जाऊ शकतात, त्यामुळे एका खोलीत झोपलेल्या सातांचे डोळे आज पांढरे दिसतात एवढ्यावरून ते निरोगी आहेत असं धरता येणार नाही. बघितल्याने साथ पसरत नाही, हात, टॉवेल, उशी यांतून पसरते. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, संसर्ग थांबवत नाही. एका पोराच्या बॅगेत दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब निघाले, ते त्यांनी काढून घेतले आणि डॉक्टरला न विचारता असले थेंब घालणं किती घातक आहे ते सगळ्यांसमोर सांगितलं.

आणि हा खेळ हाताचा. एक चेंडू दोन्ही संघांच्या हातांतून मिनिटाला कितीतरी वेळा फिरतो. सहा मीटरच्या रेषेवर बचाव करणारे समोरच्याला छातीने, हाताने अडवतात, आणि पिव्हट, म्हणजे विरोधी बचावाच्या भिंतीत घुसून खेळणारा आक्रमक, तर आख्खा सामना तिथेच उभा राहून धक्के खातो. नंतर सगळे त्याच हाताने कपाळाचा घाम पुसतात. आमच्या टेबलावर चेंडू पुसायला एक टॉवेल ठेवलेला असायचा, शुक्रवारी दिवसभर तोच वापरला गेला होता.

डॉक्टरताईंनी सातांनाही न खेळवण्याचा सल्ला दिला आणि अंतिम निर्णय आयोजकांवर सोडून त्या दवाखान्यात गेल्या. दहा वाजता निमाड-विदर्भ सामना होता. म्हणजे ठरवायला दोन तासही हातात नव्हते.

इजिप्तचा दाखला

बैठकीत कोणीतरी २०२१ च्या विश्वचषकाचा विषय काढला. त्या दाखल्याने पुढची सगळी चर्चा वळवली.

इजिप्तमध्ये जानेवारी २०२१ मध्ये झालेली पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ही बत्तीस संघांची पहिली. करोनाचा काळ, प्रेक्षकांविना सामने. सुरुवातीच्या आदल्या दिवशी, १२ जानेवारीला, चेक प्रजासत्ताक आणि अमेरिका या दोन संघांची माघार जाहीर झाली. दोघांच्याही ताफ्यात करोना शिरला होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने राखीव संघ आधीच ठरवून ठेवले होते. चेकच्या जागी उत्तर मॅसिडोनिया आला, अमेरिकेच्या जागी स्वित्झर्लंड. स्विस संघ १४ जानेवारीला, म्हणजे सामन्याच्याच दिवशी, विमानाने इजिप्तमध्ये उतरला आणि त्याच संध्याकाळी ऑस्ट्रियाला २८-२५ असं हरवून गेला. पुढे त्याच गटात त्यांनी फ्रान्सला २५-२४ पर्यंत आणून सोडलं.

केप व्हर्देचं वेगळं झालं. हा छोटा बेटांचा देश पहिल्यांदाच विश्वचषकात आला होता. पहिला सामना ते हंगेरीशी खेळले, २७-३४ असे हरले. त्यानंतर चाचण्यांत बाधित निघत गेले आणि खेळायला पुरेसे खेळाडूच उरले नाहीत. जर्मनी आणि उरुग्वे यांच्याशी त्यांचे सामने झालेच नाहीत, दोन्ही १०-० असे नोंदवले गेले. उरुग्वेसुद्धा पहिल्यांदाच आलेला संघ. जर्मनीकडून तो १४-४३ असा हरला होता, हंगेरीकडूनही हरला. तरी त्या न खेळलेल्या सामन्याच्या दोन गुणांवर गटात तिसरा येऊन मुख्य फेरीत गेला. त्यात उरुग्वेचा काही दोष नव्हता. हंगेरीने मात्र साठ मिनिटं घाम गाळून केप व्हर्देवर सात गोलांचा फरक मिळवला होता आणि जर्मनीला तोच फरक, उलट तीन गोल जास्तच, हॉटेलात बसून मिळाला. त्या गटात याने काही बिघडलं नाही, कारण हंगेरीने जर्मनीला २९-२८ असं प्रत्यक्ष हरवलं आणि तिथे गुण समान झाले तर आधी आपसातल्या सामन्यांचा निकाल बघायचा नियम होता.

एकाच स्पर्धेत दोन्ही वाटा दिसतात. पहिली शिट्टी वाजण्याआधी संघ गळाला तर बदली संघ आणता येतो. शिट्टी वाजल्यावर गळाला तर बदली आणणं अन्याय्य, कारण कोणीतरी मूळ संघाशी खेळून बसलेला असतो.

समोरचे पर्याय

साडेआठला शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बैठक बसली. मंडळाचे कार्यवाह, मुख्य पंच, आम्ही दोघं पंच, चारही संघांचे व्यवस्थापक, आणि शहरातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचा कुठल्याच संघाशी संबंध नव्हता.

सामने रविवारी सकाळी ढकलायचे ही सूचना मिनिटभरात निकालात निघाली. एका रात्रीत डोळे बरे होत नाहीत.

मंडळाचीच कनिष्ठ पोरं बदली संघ म्हणून उतरवावी, असं एकाने सुचवलं. पोरं तयारच होती, टेबलावर बसून गुण लिहीत होती. पण विदर्भ मूळ खानदेशशी खेळून झाला होता. आणि यजमानांनी स्वतःच्याच मंडळाच्या पोरांशी खेळून गोलफरक वाढवायचा, हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं.

सातांना खेळू द्यावं, हा पर्याय खानदेशच्या व्यवस्थापकांनी पोटतिडकीने लावून धरला. पोरं वर्षभर या तीन दिवसांसाठी सराव करतात, त्यातली निम्मी पदरमोड करून आलेली. त्यांचं दुःख खरं होतं आणि नियमही त्यांच्या बाजूचा होता. पण खेळायचं तर समोरच्या दोन संघांनी तो धोका पत्करायला हवा होता. निमाडच्या व्यवस्थापकांनी स्पष्ट नाही म्हटलं. यजमानांचा कर्णधार गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणं सगळ्यांच्या लक्षात आलं. खानदेश खेळला नाही तर त्याच्या संघाला दहा गोल आयते मिळणार होते.

मग उरले दोन. पहिला, परिपत्रकाप्रमाणे यजमान आणि निमाड दोघांना १०-० चा वॉकओव्हर. दुसरा, खानदेशचा खेळलेला सामनासुद्धा गुणतक्त्यातून काढायचा आणि तिघांच्या आपसातल्या तीन सामन्यांवर गट ठरवायचा.

पहिल्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता: तो लिहिलेला होता. लिहिलेला नियम गैरसोयीचा झाला म्हणून बाजूला सारायचा, तर उद्या कोणताच नियम टिकणार नाही. विरोधात विदर्भाचे व्यवस्थापक उभे राहिले. "आमचा गुन्हा काय भाऊ? आम्ही पन्नास मिनिटं धावून तीन गोलांनी जिंकलो. हे दोघं चहा पिऊन दहा गोलांनी जिंकणार. मग आम्ही काल खेळलो तेच चुकलं का?"

निमाडचं म्हणणं दुसऱ्या पर्यायाच्या विरोधात होतं आणि तेही तितकंच वजनदार होतं. शुक्रवारी यजमानांविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत ते चार गोलांनी मागे होते. गोलकीपर बाहेर काढून सातवा आक्रमक आत घ्यायचा की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर आला. २०१६ च्या नियमबदलापासून हा डाव सर्रास खेळला जातो, पण त्यात आपला गोल मोकळा राहतो आणि एक चुकीचा पास म्हणजे मैदानाच्या त्या टोकावरून सरळ गोल. त्यांनी तो डाव टाळला, कारण खानदेश हा गटातला कच्चा संघ, त्याच्याविरुद्ध फरक भरून काढू असा त्यांचा हिशोब होता. "खानदेश तक्त्यातून काढला तर आमचा कालचा अख्खा हिशोब चुकीचा ठरतो. काल आम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

निर्णय आणि कृती

इथे दादांनी एक गोष्ट आधी मांडली आणि माझ्या मते त्या सकाळचं सर्वांत महत्त्वाचं काम तेच होतं. ते म्हणाले, यजमानांनी आयोजक म्हणून बोलावं, मत देऊ नये. कार्यवाह क्षणभर बावरले. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही आणि मुख्य पंच ठरवा." त्यानंतर खोलीतला ताण उतरला. विदर्भाचे व्यवस्थापक तोवर उभ्याने बोलत होते, ते खाली बसले.

दादांचा दुसरा मुद्दा परिपत्रकाच्या शब्दांवर होता. वॉकओव्हरचं कलम गैरहजर संघासाठी आहे. खानदेश गैरहजर नाही, दारात बूट बांधून उभा आहे. त्याला आपण थांबवतो आहोत, आणि तेही स्पर्धेच्या भल्यासाठी. म्हणजे हे कलम इथे लागूच होत नाही आणि परिपत्रक या बाबतीत मुकं आहे. जिथे ते मुकं आहे तिथे जो निर्णय तिघांनाही सारखा लागू पडेल तो घ्यावा.

पावणेदहाच्या सुमारास ठरलं. खानदेशचे उरलेले दोन सामने रद्द. शुक्रवारचा सामना गुणतक्त्यातून वगळायचा, नोंदवहीत मात्र ठेवायचा. तिघांच्या आपसातल्या सामन्यांवर गट ठरवायचा आणि गुण समान झाले तर परिपत्रकाप्रमाणे गोलफरक. तिन्ही व्यवस्थापकांनी सही केली. निमाडच्या व्यवस्थापकांनी सहीखाली "नाराजीने मान्य" असं लिहिलं. ते खोडायला कोणी सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं.

वेळ महत्त्वाची होती. दहाचा सामना अजून सुरू व्हायचा होता. कोणता निर्णय कोणाला फायद्याचा ठरेल हे त्या क्षणी कोणालाही पक्कं सांगता येत नव्हतं. तोच कागद दुपारी तीनला लिहिला असता तर त्यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी सोयीची दिसली असती.

बाकीची कामं भराभर झाली. विदर्भ सकाळी दहाला निमाडशी खेळणार आणि साडेपाचला यजमानांशी. यजमानांचा सकाळचा सामना रद्द झाल्याने ते ताजे राहणार होते, म्हणून विदर्भाला दम घेता यावा यासाठी तो सामना साडेसातला नेला. टेबलावरचा टॉवेल उचलला. चेंडू प्रत्येक अर्धानंतर साबणाच्या पाण्याने धुवून पुसायचे आणि तीन चेंडू आळीपाळीने वापरायचे ठरलं. दोन्ही बाकांशेजारी बादली, मग आणि साबण ठेवले. प्रत्येक संघातल्या खेळाडूंचे डोळे सामन्याआधी तपासायचे, लाल असेल तो बाहेर. खानदेशच्या पोरांना पुन्हा भरल्या बसमध्ये घालून पाठवणं योग्य नव्हतं. मंडळाने स्वतःच्या खर्चाने टेम्पो ट्रॅव्हलर केला आणि प्रवेश फी परत दिली. निघताना मंडळातल्या काकूंनी पोह्यांचे डबे गाडीत ठेवले. पोरं फार बोलली नाहीत.

परिणाम

निमाडने विदर्भाला २५-२३ असं हरवलं. रात्री विदर्भाने यजमानांना २८-२४ असं हरवलं. तिघांनी एकेक सामना जिंकला, एकेक हरला. गोलफरक: विदर्भ अधिक दोन, यजमान शून्य, निमाड उणे दोन. विदर्भ आणि यजमान पुढे गेले, निमाड बाहेर.

त्या रात्री टेबलावर आम्ही दुसराही तक्ता मांडून पाहिला. वॉकओव्हर धरले असते तर तिघांचे चार-चार गुण झाले असते. गोलफरक यजमान अधिक दहा, निमाड अधिक आठ, विदर्भ अधिक पाच. म्हणजे तीनही सामने खरोखर खेळलेला एकमेव संघ घरी गेला असता, आणि आपसातल्या दोन सामन्यांचा फरक ज्याचा सर्वांत वाईट होता तो निमाड उपांत्य फेरीत पोचला असता. यजमान दोन्ही तक्त्यांत पुढे जात होते. बैठकीत मत न देण्याचा त्यांचा निर्णय म्हणून आणखी मोलाचा वाटतो. दिलं असतं तर फायदा फारसा नव्हता, संशय मात्र कायम राहिला असता.

रविवारी सकाळी निमाडने लेखी हरकत दिली. ती फेटाळली गेली, त्यांची स्वतःचीच सही दाखवून. संघ तरीही थांबला आणि दोन्ही उपांत्य सामने बघून गेला.

रविवारीच विदर्भाच्या एका विंगरचा, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकाचा, डोळा लाल झाला. त्याला बसवलं, बाकी संघ खेळला. बातमी खानदेशला कळली आणि त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन आला: "आमचे सात धडधाकट थांबवले, त्यांचे अकरा चालले?" या प्रश्नाला पूर्ण उत्तर नाही. खानदेशच्या बारांतले पाच आजारी होते आणि सगळे एका खोलीत, एका बेसिनवर. विदर्भाचा एक होता, मुक्काम तीन खोल्यांत, टॉवेल आपापले. फरक होता, पण तो प्रमाणाचा होता. इजिप्तमध्ये चाचणीचा अहवाल हातात यायचा आणि त्यावर बोट ठेवता यायचं. आपल्याकडे एका डॉक्टरच्या नजरेवर आणि पोरांच्या खरं बोलण्यावर सगळं चाललं होतं.

विदर्भ उपांत्य सामन्यात हरला, यजमान अंतिम सामन्यात. पुढच्या आठवड्यात मंडळाने सगळ्या संघांना फोन करून विचारपूस केली. विदर्भाच्या आणखी दोघांना, यजमानांच्या एकाला आणि गाद्या उचलणाऱ्या एका कार्यकर्त्याला डोळे आले होते. गावोगाव साथ चालू असताना यातलं कोणाला कुठून आलं हे सांगता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते खरी चूक शनिवारी सकाळी झाली नाही, ती परिपत्रकात आधीपासून होती, आणि मोडक्या संघापेक्षा त्याची झळ गटातल्या बाकीच्यांना जास्त लागते. संघ गळाला की सगळ्यांचं लक्ष त्या संघाकडे जातं. कोण आजारी, कोण घरी जाणार, फी परत द्यायची का. जो त्याच्याशी आधी खेळून बसला आहे, आणि जो त्याच्याविरुद्धच्या सामन्यावर हिशोब करून बसला आहे, त्या दोघांकडे कोणी बघत नाही. इथे ते विदर्भ आणि निमाड होते. एकाला न्याय दिला की दुसऱ्यावर अन्याय होत होता.

एक साधा बदल या गुंत्यातला मोठा भाग सोडवून टाकतो. गुण समान झाले तर एकूण गोलफरकाआधी आपसातल्या सामन्यांचा निकाल आणि फरक बघायचा. विश्वचषकात तसंच असतं. हा नियम असता तर दोन्ही वॉकओव्हर बेधडक देता आले असते, शुक्रवारचा सामनाही मोजला गेला असता, आणि तरी क्रम विदर्भ, यजमान, निमाड हाच आला असता. निमाडलाही शुक्रवारीच कळलं असतं की कच्च्या संघावर गोलांचा पाऊस पाडून उपयोग नाही, यजमानांशी फरक इथेच कमी करायला हवा. त्यांनी कदाचित सातवा खेळाडू उतरवला असता. त्यांची हरकत नियमाप्रमाणे फेटाळली हे ठीक, पण त्यांना चुकीचं म्हणता येणार नाही.

डोळे तपासण्याचं काम गुरुवारी रात्री, संघ उतरताच व्हायला हवं होतं. साथ शहरात आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्या रात्री एखादा लाल डोळा सापडला असता तर पहिली शिट्टी वाजलेली नव्हती, बदली संघाचा रस्ता मोकळा होता. देवास किंवा उज्जैनचा संघ सकाळी निघून तासा-दीड तासात पोचू शकतो. खोल्या वाटतानाही चार-चारांचे गट केले असते तर बारांपैकी काहीजण तरी संशयातून सुटले असते आणि खानदेश कदाचित खेळलाही असता. मंगल कार्यालयात खोल्या रिकाम्या होत्या. पोरांना एकत्र झोपायला आवडतं म्हणून एकच दिली.

यजमानांनी मत न देण्याची गोष्ट दादांमुळे झाली. ते त्या सकाळी सहज चहाला आले होते. ते नसते तर कोण बोललं असतं, याचा विचार मी अनेकदा केला आहे. असा तटस्थ माणूस योगायोगावर सोडता येत नाही, त्याचं नाव परिपत्रकात हवं.

पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात आपसातल्या निकालाचं कलम आलं, तटस्थ निर्णयसमितीचं आलं, आगमनाच्या रात्रीच्या तपासणीचंही आलं. राखीव संघाचं कलम मसुद्यात होतं, पण छापताना गळलं. चौदा पोरांना तीन दिवस रजा काढून, बॅगा भरून, न येणाऱ्या बोलावण्याची वाट बघत बसवायचं आणि त्यांना काय द्यायचं, यावर मंडळात एकमत झालं नाही. राखीव संघाला पुढच्या वर्षी थेट प्रवेश आणि फी माफ, अशी निमाडच्या व्यवस्थापकांनी फोनवर केलेली सूचना सध्या कार्यकारिणीपुढे आहे.